बांध परत घ्या

पुंजाराम अंथरुणाला खिळला आणि त्याच आठवड्यात शेतात कापूस फुटला. दोन्ही कामांना माणसं लागतात. पण कापूस वेचायला एक बाई मिळेना, आणि पुंजारामला बघायला मात्र अख्खा तालुका लोटला.

राजूरच्या आसपासच्या गावांत आजारी माणसाला बघायला न जाणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहण्यासारखं मानतात. त्यामुळं जो तो येऊन जायचा. सकाळी सोयऱ्यांची जीप, दुपारी भजनी मंडळ, संध्याकाळी एका मोटारसायकलवर तिघं तिघं. येताना केळी आणि बिस्किटाचे पुडे आणायचे. आल्यावर खाटेभोवती बसायचं, रोग्याच्या तोंडाकडं एकटक पाहायचं, मान हलवायची आणि मग आपापसात बोलायचं, जणू रोगी ठार बहिरा आहे.

"किती खंगले व्हो."

"मह्या मावसभावाचं बी असंच झाल्तं. असाच पडून व्हता. भाऊबीजेला गेला."

"चहा ठिवू नका हां, आत्ताच घेऊन आलो," असं प्रत्येक जण म्हणायचा आणि चहा आल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही.

मुलगा भारत आणि सून साधना उजाडायच्या आत शेतात जायची. बोंडं उमलून कापूस खाली लोंबत होता आणि रोज दुपारी आभाळ काळं होऊन भीती घालत होतं. घरी उरायची उषाबाई, पुंजारामची बायको, आणि चहाचं पातेलं. नवऱ्यापाशी घटकाभर बसावं म्हटलं तर त्याच्याभोवती पाहुण्यांची भिंत. केळी इतकी साठली की शेजाऱ्याची शेळीसुद्धा केळं दिसलं की तोंड फिरवायला लागली.

पुंजारामला लघवीच्या जागेची गाठ झाली होती आणि ती हाडांत उतरली होती. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी भारतला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, दुखू देऊ नका, जे मागतील ते खाऊ घाला. भारतनं घरी येऊन आईला सांगितलं आणि लगोलग राजूरच्या गणपतीची शपथ घातली.

"नानाला बिलकुल कळू द्यायचं न्हाई. वात भरलाय म्हनायचं."

झालं. सगळं गाव वात म्हणायला लागलं. पुंजारामच्या हाडात काय आहे हे शाळेतल्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं, फक्त पुंजारामला ठाऊक नव्हतं असं धरून चालायचं. तोही आल्यागेल्याला सांगायचा, "वात हाय. थंडी सरली की उतरल." उषाबाईला हे ऐकवत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्यापासून लपवलेली गोष्ट एकच, माहेरी न सांगता धाडलेली तुरीची डाळ. हे त्याहून फार मोठं होतं आणि तिला ते एकटीला पेलत नव्हतं.

गोळ्यांची तर वेगळीच तऱ्हा. दुखण्यावरच्या गोळ्या दवाखान्यानं दिल्या होत्या, पण बघायला आलेल्या एका शहाण्यानं सांगितलं की ह्या अफूच्या असतात, सवय लागते. मग भारतनं त्या कपाटात कुलपात ठेवल्या आणि नाना ओरडले तरच एक द्यायची असा नियम केला. आता पुंजाराम हा ओरडणारा माणूसच नव्हता. तो उशीचं टोक तोंडात धरायचा. उशी फाटून कापूस बाहेर आला, पण गोळी काही कपाटाबाहेर आली नाही.

अशात एक दिवस आरोग्य खात्याची गावातली आशाताई बेबीनंदा जालन्याच्या एका सिस्टरला घेऊन आली. मीना सिस्टर त्यांचं नाव. जे आजार बरे होणार नाहीत त्यांचं दुखणं हलकं करायचं आणि घरच्या माणसांना सेवा शिकवायची, एवढंच त्यांचं काम. स्कूटीवरून उतरल्या त्या सरळ खाटेपाशी गेल्या. भोवतीच्या पाहुण्यांना म्हणाल्या, "तुम्ही सगळे जरा अंगणात," आणि पाहुणे चहाचे कप हातात घेऊन निमूट उठले. उषाबाईला ही बाई तिथंच आवडली.

"बाबा, किती दुखतं? काहीच नाही म्हणजे शून्य, सहनच होत नाही म्हणजे दहा."

"आमच्यात दुखनं मोजत न्हाईत," पुंजाराम म्हणाला.

"बरं, मग कसं दुखतं ते सांगा."

पुंजारामनं विचार केला. "नांगराचा फाळ खडकात अडकावा आन् ट्रॅक्टरवाल्यानं तरी रेटून राह्यावं, तसं."

सिस्टरनं भारतकडं पाहिलं. भारतनं कपाटाकडं पाहिलं. सगळा प्रकार बाहेर आला तेव्हा सिस्टर रागावल्या नाहीत, त्यांनी नुसतं विचारलं, "शेतात ड्रीप टाकलंय ना तुम्ही? कशाला?"

"टायमावर थेंब थेंब पानी भेटावं म्हनून."

"मग ही पण ड्रीपच समजा. झाड कोमेजायची वाट नाही बघायची. दुखायच्या आधी, घड्याळावर गोळी द्यायची. त्यानं पोट साफ व्हायला त्रास होतो, त्याचं औषध मी सोबत देते. आणि सवयीची काळजी करू नका. गोळीच्या वेळा मी लिहून दिल्यात, डॉक्टरांशी फोनवर बोलणंही करून देते."

दोन दिवसांत पुंजाराम गाढ झोपला. तिसऱ्या दिवशी उठून म्हणाला, "पेज पिऊन पिऊन तोंडाची चव गेली. ठेचा कर." उषाबाईनं मिरच्या भाजल्या आणि आनंदानं इतकी खोकली की पाहुण्यांना वाटलं आता हीसुद्धा आजारी पडली.

दुखणं आटोक्यात आलं, पण पडून पडून कमरेवर लाल चट्टा उमटला होता. रोग्याला दर थोड्या वेळानं कुशीवर वळवायला हवं होतं. एकट्या उषाबाईच्यानं ते होईना. तेव्हा सिस्टरनं मारुतीच्या सभामंडपात बायकांचा वर्ग घ्यायचं ठरवलं. खाट आणली, चादर आणली, बायका जमल्या. सिस्टर म्हणाल्या, "आता कोणीतरी पेशंट म्हणून झोपा." एकही बाई पुढं होईना. नसतं सोंग घेऊन खाटेवर पडायचं म्हणजे दुखण्याला घरचा पत्ता देण्यासारखं. शेवटी एका पोत्यात कापूस भरला, त्याला कोणाचा तरी जुना सदरा घातला, वर टोपी ठेवली. टोपी ठेवल्याबरोबर पुष्पाबाईला रडू फुटलं. पोतं तिच्या वारलेल्या सासऱ्यासारखं दिसत होतं म्हणे. तिला गप्प करून वर्ग सुरू व्हायला चांगलाच उशीर झाला.

पण शिकवलं ते सगळं खरं कामाचं. खांद्याखाली हात कुठं द्यायचा, चादर न ओढता कशी बदलायची, कोरडं पडलेलं तोंड ओल्या बोळ्यानं कसं पुसायचं. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "आणि आजाऱ्याला बघायला जाता ना, तर नुसतं बघू नका. दोन हात लावा."

उषाबाईनं हे एकच वाक्य घट्ट धरलं आणि घरी जाऊन अमलात आणलं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. "या, बसा. चहा हाय," उषाबाई म्हणाली. "पन आधी हात धुवा." मग तिनं कामं वाटली. एकीला चादर धुवायला दिली, दुसरीला पाय चेपायला, तिसऱ्याला लघवीचं भांडं. तिसरा हसनाबादचा साडू होता, त्याला एकदम बसची वेळ आठवली. आठवड्याभरात जीप बंद झाली. बिस्किटाचे पुडे आटले. येणारे उरले ते थोडे, पण कामाचे होते.

तरी एक अडचण राहिली. ज्यांनी हात लावले ते भीत भीत लावले. "अगं बाई, हळू हळू," म्हणत चौघं मिळून त्याला उचलायचे आणि तो कण्हला की अर्ध्यात सोडून द्यायचे.

"पापडासारखं काऊन धरता मला?" पुंजाराम वैतागायचा.

"हो नाना," सगळे म्हणायचे.

हे 'हो नाना' आता घरात रोजचंच झालं होतं. पुंजाराम म्हणाला, औंदा गहू नको पेरू. हो नाना. म्हणाला, न्हाई, गहूच पेर. हो नाना. एकदा त्यानं मुद्दाम सांगितलं की अंगणात उंट बांधायचा, तरी भारत हो नाना म्हणाला. पुंजारामनं मग त्या दिवशी कोणाशी बोलणंच सोडलं.

आणि एके दुपारी कडुबा आला.

कडुबा हा पुंजारामचा चुलतभाऊ. दोघांची वावरं लागून आणि मध्ये बांध. बांध कोणाचा यावरून दोघांचं फाटलेलं. मोजणी झाली, ती दोघांनी झुगारली. भोकरदनच्या कोर्टात तारखा चालू. दोन्ही घरांची बोलचाल, जाणं-येणं बंद. पण बघायला तर वैऱ्यालाही यावंच लागतं, नाहीतर गाव नावं ठेवतं. कडुबानं टाळता येईल तेवढं टाळलं आणि बायकोनं भाकरी बंद करायची धमकी दिल्यावर पांढरी टोपी घालून तो आला. ओसरीच्या कडेला टेकला, आत न बघता एकदा खाकरला. तेवढ्यानं बघून झालं असं त्याच्या मनात होतं.

उषाबाई धुतलेली चादर हातात घेऊन उभी होती. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"भाऊजी, हात धुवा."

"मी नुसता बघायला आल्तो, वहिनी."

"इथं नुसतं बघत न्हाईत. साबन तिथं हाय."

कडुबानं आयुष्यभर बसलेले बैल उठवले होते. त्यानं एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, गुडघा खाटेला लावला आणि पुंजारामला कण्हायला सवड मिळायच्या आत कुशीवर वळवलं. उषाबाईनं चादर सारली. पुंजारामचं तोंड भिंतीकडं होतं. कित्येक वर्षांनी तो कडुबाशी बोलला.

"धरायला बरं जमतं तुला. दुसऱ्याचा बांध धरून धरून सवय झाली."

"महा बांध मी धरीन न्हाई तर काय करीन?"

"तुहा कशाचा? महा हाय."

"न्हाई!" कडुबा म्हणाला.

दोघं जोरात बोलायला लागले. बोरीचं झाड कोणी लावलं, मोजणीवाल्याला कोंबडी कोणी खाऊ घातली, कोणाच्या बापानं कोणाच्या बापाला काय म्हटलं होतं. तिला वाटलं आता हा धाप लागून जातो. ती पाणी घेऊन धावली आणि बघते तर नवऱ्याच्या तोंडावर लाली आली होती. इतक्या दिवसांत त्याला कोणी 'न्हाई' म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कडुबा परत आला. "काल एक मुद्दा राहून गेल्ता," तो म्हणाला आणि न सांगता हात धुतले.

मग रोज एक मुद्दा राहायला लागला. कडुबा गोळीच्या वेळेला यायचा, पुंजारामला वळवायचा, पाठीला तेल लावायचा आणि भांडायचा. तोंड पुसायचं कामही त्यानं आपल्याकडं घेतलं, कारण तोंडात बोळा असताना पुंजारामला उत्तर देता येत नसे. आपले पक्के मुद्दे कडुबा त्याच वेळी काढायचा.

"बोळा काढ, बेईमान!" बोळा निघाल्यावर पुंजाराम पहिलं हेच बोलायचा.

कमरेचा चट्टा फिका पडला. पुंजाराम अर्धी का होईना भाकरी खायला लागला, कारण भांडायला अंगात ताकद लागते. उषाबाई आतून ऐकायची आणि गणपतीला म्हणायची, हा बांध असाच राहू दे, कोर्टानं निकाल देऊ नये.

सिस्टरचा पुढचा वर्ग भरला तेव्हा सगळ्या बायकांच्या मागं, खांबाला टेकून, टोपी घातलेला कडुबा बसला होता. त्या दिवशी सिस्टर मनाच्या दुखण्याबद्दल बोलल्या. "औषधानं हाड दुखायचं थांबतं. पण माणसाच्या मनात काही राहिलेलं असतं. जुनं भांडण असतं, अबोला असतो. वेळ आहे तोवर ते मिटवा. माफी मागा, माफ करा. त्यांना हलकं होऊन जाऊ द्या." बोलताना सिस्टर साऱ्यांकडं बघत होत्या. कडुबाला मात्र वाटलं त्या आपल्यालाच सांगतायत.

दुसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरला. ओला कापूस वेचता येत नाही, म्हणून भारत आणि साधना घरीच होती. कडुबा आला तो दाढी करून, धुतलेले कपडे घालून, हातात नारळ घेऊन. त्यानं पुंजारामला वळवलं तेही जपून, हळूहळू. पुंजारामनं चमकून पाहिलं. मग कडुबा खाटेसमोर उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

"पुंजाराम, बांध तुहा. बोरीसकट तुहा. चुकी मही व्हती. मला माफ कर."

साधनानं डोळ्याला पदर लावला. भारत तर कडुबाच्या गळ्यातच पडला. बेबीनंदा दारात होती, तिनं तिथूनच सिस्टरला फोन लावला आणि "फार छान झालं!" असं सिस्टर बोलल्याचं सगळ्यांना ऐकवलं. नारळ फुटला, खोबरं वाटलं. गावात वाऱ्यासारखं पसरलं की कडुबानं बांध सोडला.

पुंजाराम एक अक्षर बोलला नाही. भरून आलं असेल, असं उषाबाईला वाटलं.

संध्याकाळी त्यानं भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गोळी वेळेवर होती, दुखत नव्हतं, पण तो ओंडक्यासारखा पडून राहिला. कडुबा आला, हळूच वळवलं, हळूच विचारलं, "कसं वाटून राह्यलं, दादा?"

दादा! जन्मात कधी त्यानं पुंजारामला दादा म्हटलं नव्हतं. पुंजारामनं डोळे मिटून घेतले.

ऊन पडलं तशी पोरं शेतात गेली. दुपारी घरात दोघंच असताना पुंजाराम म्हणाला, "कडुबानं बांध दिला."

"हो," उषाबाई म्हणाली.

"कडुबानं. ज्यानं सख्ख्या मेव्हन्याला कधी पान्याची मोटर दिली न्हाई त्यानं."

"हो."

"मंग मी मरून राह्यलो."

उषाबाई उठली, दोन पावलं चुलीकडं गेली आणि परत आली. शपथ आडवी आली होती. मनातल्या मनात तिनं गणपतीला सांगितलं की शपथ भारतनं घातली, काय दंड करायचा तो त्यालाच कर, पोरगा आहे, जरा हलका कर. मग ती खाटेवर बसली आणि नवऱ्याचा हात हातात घेतला.

"वात न्हाई तो. गाठ हाय. हाडात उतरली. डाक्टर म्हनले, औषध न्हाई. दुखू द्यायचं न्हाई, एवढंच आपल्या हातात हाय."

बाहेर शेळी ओरडली. पुंजाराम आढ्याकडं बघत राहिला.

"तुला कवापासून म्हाईत?"

"दवाखान्यातून आनलं तवापासून."

"आन् तू एकटीच घेऊन बसलीस?"

एवढं ऐकलं आणि उषाबाईला रडू आवरेना. इतक्या दिवसांचं साचलेलं ती त्याच्यासमोर, पदर न घेता रडली. त्यानं तिला रडू दिलं. मग म्हणाला, "मला बी वाटायचं. पन कडुबा रोज येऊन भांडायचा. मी म्हनायचो, मरनाऱ्यासंग कोन असं भांडतं? म्हंजे असतील अजून दिस. आता तो बी दादा म्हनतो. मला मरायची भीती न्हाई गं. पन जिता असून लोकांनी मला तिरडीवर निजवलं, त्याचं वाईट वाटतं."

उषाबाईनं डोळे पुसले, चपला घातल्या, शेजारच्या नंदाबाईला खाटेपाशी बसवलं आणि ती तडक वावराकडं निघाली. चिखल पायाला चिकटत होता. बांधावर कडुबा आपली पाण्याची नळी गुंडाळत होता. दिलेला शब्द पाळण्यासाठी तो बांधावरची आपली एकेक वस्तू काढून घेत होता.

"भाऊजी, बांध परत घ्या."

कडुबाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"परत घ्या म्हन्ते. बोरीसकट."

"वहिनी, सगळ्या गावात झालं. लोकं पाया पडून राह्यले मह्या."

"पायाचं नंतर बघू."

"म्या जन्मात एक चांगलं काम केलं," कडुबा दुखावला, "अन् ते बी परत? सिस्टर म्हनल्या व्हत्या, भांडन मिटवा, मानूस हलका व्हतो."

"हलका झाला. इतका हलका झाला की भाकरी खाईना, बोलंना. तुमी भांडत व्हते तवर तो मानसांत व्हता. सिस्टरचं चुकलं न्हाई, पन त्यायला हा मानूस म्हाईत न्हाई. मला म्हाईत हाय."

कडुबा नळी टाकून खाली बसला. "त्याला कळलं का?"

"म्या सांगितलं."

कडुबानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मंग आता भांडू कसा, वहिनी? त्याला बी म्हाईत, मला बी म्हाईत. मह्या तोंडातून शब्द निघायचा न्हाई."

"तुमाला दुसरं काय येतं?" उषाबाई म्हणाली आणि नळीचं टोक उचलून तिनं त्याच्या हातात दिलं.

सकाळी कडुबा आला तो मळक्या कपड्यांत, चिखलाच्या पायांनी. भारत आणि साधना शेतात निघायच्या तयारीत होती. कडुबानं हात धुतले, खांद्याखाली हात घातला आणि पूर्वीसारखं एका दमात पुंजारामला वळवलं.

"वकिलाला इचारलं," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "तोंडी दिलेला बांध चालत न्हाई. म्या काही दिला-बिला न्हाई."

पुंजारामनं एक डोळा उघडला.

"मला बराबर म्हाईत व्हतं. तुह्या खानदानात कोनी शब्द पाळलाय?"

"तुह्या अन् मह्या खानदानात काय फरक हाय? आजा एकच आपला!"

"आज्याचं नाव काढू नको. आज्यानं बांध मह्या बापाला दिल्ता." पुंजारामनं श्वास घेतला. "अन् ऐक. मी मेल्यावर खांदा द्यायला येशील का न्हाई?"

दारात भारतच्या हातातून डबा खाली पडला. त्याच्यासमोर घरात आजवर हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. तो आत झेपावला, पण उषाबाईनं त्याचा दंड धरला.

"यीन," कडुबा म्हणाला. "पन रस्त्यानं नेईन. मह्या बांधावरून नेनार न्हाई."

"बांधावरूनच न्यायचं. महा बांध हाय."

"चिखल असतो तिथं. घसरून पडलो म्हंजे?"

"पडलास तर पड. मला काय व्हतंय तवा?"

"महा गुडघा मोडंल ना!"

"नाना," भारत मध्येच बोलला. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण आवाज चढला होता. "न्हाई नाना. तुमचं चुकून राह्यलं. मोजनीत बांध अर्धा अर्धा निघाल्ता. मी तिथं उभा व्हतो."

दोघं म्हातारे एकदम त्याच्याकडं वळले.

"तू गप!" पुंजाराम ओरडला.

"तुला काय कळतं त्यातलं!" कडुबा ओरडला.

पुंजाराम त्याच्याकडं बघत राहिला. पोरानं त्याला 'न्हाई' म्हटलं होतं आणि त्याचं त्याला फार बरं वाटत होतं, हे उषाबाईला दिसलं.

"ह्याच्या भरवशावर सोडून चाललो मी सगळं," पुंजाराम कडुबाला म्हणाला. "अर्धा अर्धा म्हनतोय. उद्या कोनी बी फसवील ह्याला. लक्ष ठिव जरा."

"ठिवीन," कडुबा म्हणाला आणि पुढं त्याला बोलता येईना. खाटेच्या कडेला तो नुसता बसून राहिला. पुंजारामचा हात त्याच्या मनगटावर होता, वळवताना धरलेला, तो तसाच.

पुंजारामनं ते मनगट हलवलं.

"बोल की," तो म्हणाला.

कडुबानं टोपीनं डोळे पुसले.

"बांध महा हाय," तो कसाबसा म्हणाला.

"न्हाई," पुंजाराम म्हणाला.